यंत्राची निगा : गाडीतला वारा कुठे अडतो?



या खेपेस इंजिन, पंप आणि मळणीयंत्र बाजूला ठेवून मोटारगाडीकडे वळू या. शेतकऱ्याच्या घरी मोटार कुठली, असे पूर्वी कोणी सहज म्हणून गेले असते. आता तसे म्हणायची सोय उरलेली नाही. घरातला एक मुलगा रानात राबतो, दुसरा मुंबईकडे नोकरीला, आणि दोघांच्या मध्ये धावणारी एक लहान गाडी, अशी कितीतरी घरे आहेत. भाजीची पाटी, आजारी माणूस, लग्नाचा आहेर आणि माघारी जाताना तांदळाचे पोते, सगळे त्या एकाच गाडीतून जाते.

कामोठ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासर कऱ्हाडकडचे, नवरा तळोज्याच्या कारखान्यात. त्या लिहितात, ‘‘आमच्या गाडीचा एसी लावला की हवा येते ती फुंकर घातल्यासारखी. बटण चारवर ठेवले तरी मागच्या माणसाला काही लागत नाही. मामंजींना दम्याचा त्रास आहे, त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीसाठी गावाहून आणावे लागते. उन्हात काचा उघडल्या तर धुरळ्याने धाप लागते, बंद केल्या तर जीव घुसमटतो. दोन वेळा गॅस भरून घेतला. प्रत्येक वेळी दीड हजाराच्या वर गेले. फरक काहीच नाही. आता तिसऱ्या ठिकाणी कॉम्प्रेसर बदला म्हणतात. काय करावे?’’

वहिनी, आधी एक करा. कॉम्प्रेसर बदलू नका. निदान एवढ्यात तरी नको.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घेऊ. पाटाला पाणी कमी येते. तुम्ही काय म्हणता? विहीर आटली का, मोटार मंद फिरते का, फुटव्हॉल्व्हला पालापाचोळा लागला का, की मध्येच पाइप फुटला? विहिरीत तुडुंब पाणी असताना कोणी टँकर मागवून विहिरीत ओतला, तर तुम्ही त्याला हसाल. वारा कमी येत असताना गॅस भरणे हे तसेच काम आहे. गॅसचे काम गारवा करण्याचे. वारा फेकण्याचे काम डॅशबोर्डच्या पोटात बसवलेल्या एका विजेच्या पंख्याचे. त्याला ब्लोअर म्हणतात. गॅस पार संपला तरी ब्लोअर वारा फेकतच राहील, फक्त तो वारा गरम असेल.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा : हवा कमी येते, की हवा पुरेशी येते पण गार नसते? हे दोन आजार निराळे आहेत आणि त्यांची औषधेही निराळी. गॅरेजात गेल्यावर आपण घाईने ‘एसी चालत नाही’ एवढेच सांगतो, आणि पुढचा माणूस आपल्या सवयीचे औषध देतो. वैद्याकडे जाऊन ‘तब्येत बरी नाही’ इतकेच सांगितले तर तो तरी काय करील?

गॅसविषयी एक गैरसमज इतका पसरला आहे की चार ओळी लिहायलाच हव्यात. एसीतला गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपणारा नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या जाळीत तो उष्णता टाकून पातळ होतो, मग बारीक तोंडातून सुटून आतल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि त्या वेळी तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. घाम वाळताना अंगाला गार लागते ना, तोच न्याय. सांध्यांतून, रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडी गळती होते, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस ‘संपत’ असेल, तर कुठेतरी भोक आहे, आणि ते न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय गरजेपेक्षा जास्त भरला तरी गारवा वाढत नाही, उलट कमी होतो. लहान गाडीत साधारण अर्धा किलोच्या आतबाहेर गॅस मावतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बरीच वर्षे जो आर-१३४ए नावाचा गॅस भरला गेला, तो हवेत सुटला तर पृथ्वी तापवण्याच्या कामी कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून अधिक जबर आहे. तेव्हा उगीच सोडणे आणि उगीच भरणे दोन्ही वाईट.

आता कामोठ्याचे सांगतो, कारण रोगाचे मूळ पुष्कळदा गावाच्या हवापाण्यात असते. पनवेलच्या अलीकडे, शीव-पनवेल रस्त्याला लागून, मानसरोवर स्टेशनाभोवती पसरलेली ही सिडकोची वसाहत. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यातली भातखाचरे, खारजमिनी शहराखाली गेल्या. २०१६ पासून कामोठे पनवेल महानगरपालिकेत आहे. शेजारी कळंबोलीचा लोखंडबाजार, तिथे रात्रंदिवस ट्रक आणि ट्रेलर. पलीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत. चहूकडे बांधकामे. एका अंगाला खाडी आणि खारफुटी. म्हणजे हवेत धूळ आहे, धूर आहे, सिमेंटचा भुगा आहे आणि वर खाडीचा खारट दमटपणाही आहे. धूळ फिल्टरला आणि कॉइलला बुजवते, दमटपणा तिचा चिखल करतो, आणि खारी हवा विजेच्या सांध्यांना गंज चढवते. एसीच्या वाऱ्याचे तीन शत्रू एकाच ठिकाणी नांदतात. त्यात तुमची गाडी महिन्यातून एकदा गावी जाऊन मळणीच्या खळ्याजवळ उभी राहते. भुसा आणि बुरा तिथून फुकट मिळतो!

चला, तपासणीला लागू. खर्च शून्य. साहित्य : जुन्या साडीच्या किंवा पातळ कागदाच्या दोन बोटे रुंद, वीतभर लांब चार पट्ट्या. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, गिअर न्यूट्रल, हातब्रेक ओढलेला. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हे प्रयोग करू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. एसीचे बटण बंद ठेवा, फक्त पंखा लावा. चारही झरोक्यांवर एकेक पट्टी चिकटवा आणि पंख्याचा वेग एक, दोन, तीन, चार असा वाढवत जा.

पट्ट्या कशा उडतात ते पाहा आणि त्याच वेळी कान द्या. आवाज आणि वारा यांची सांगड घातली की निम्मे निदान तिथेच होते.

समजा, एक-दोन-तीनवर पंखा मुळीच फिरत नाही आणि चारवर एकदम जोरात सुटतो. हा रोग डोळे मिटून ओळखावा. पंख्याचा वेग कमी करण्यासाठी मध्ये एक रेझिस्टर घातलेला असतो, म्हणजे विजेच्या वाटेतला अडसर. चारवर वीज त्याला वगळून थेट जाते. तो जळला की खालचे वेग जातात. वस्तू लहान आहे, ब्लोअरच्या जवळच बसवलेली असते, दोन स्क्रू आणि एक कपलर. मात्र ती का जळली हेही पाहावे. अडकून जड फिरणारा पंखा जास्त वीज ओढतो आणि रेझिस्टरला जाळतो. नुसता रेझिस्टर बदलून दिला तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. ज्या गाड्यांत तापमान आपोआप राखले जाते, त्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक तुकडा असतो, त्यांची लक्षणे थोडी वेगळी.

समजा, आवाज मोठा आहे, पंखा घोंघावतो आहे, पण पट्ट्या जेमतेम हलतात. पंखा बरा आहे, वाट बुजलेली आहे. वहिनी, तुमच्या पत्रात ‘आवाज तर विमानासारखा येतो’ असे एक वाक्य कोपऱ्यात लिहिलेले आहे. मला वाटते, सगळ्या पत्रातले तेच सर्वांत मोलाचे.

आणि आवाजही मंद, वाराही मंद, असे असेल तर पंख्याला पुरेशी वीज मिळत नाही किंवा पंखाच म्हातारा झाला. पंख्याला पुरते बारा व्होल्ट कपलरपाशी पोचतात का, हे मीटर लावून वायरमन दोन मिनिटांत सांगतो. खाडीकाठच्या गाड्यांत कपलरच्या पिना हिरवट-पांढऱ्या पडलेल्या किंवा तापून प्लास्टिक वितळलेले आढळते. पिना साफ केल्या, जळका कपलर बदलला, की पंखा पुन्हा तरणा होतो. इथे एक ताकीद देतो. फ्यूज पुनःपुन्हा उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे किंवा तारेचा तुकडा गुंडाळणे हे आपल्याकडे सर्रास चालते. मोठ्या वेगावर ब्लोअर बराच करंट ओढतो. फ्यूज उडाला नाही तर वायर पेटते, आणि ती वायर तुमच्या गुडघ्यापुढे असते.

आता वाट बुजली आहे असे धरून पुढे जाऊ.

ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरची निगा ज्या घरात नीट होते, त्या घरात गाडीच्या केबिन फिल्टरचे नावही ठाऊक नसते, ही मौजेची गोष्ट आहे. इंजिनाचा फिल्टर निराळा, तो बॉनेटखाली असतो. केबिन फिल्टर हा माणसांसाठी. बहुतेक गाड्यांत तो डावीकडच्या सीटपुढे जो कागदपत्रांचा कप्पा असतो, त्याच्या मागे असतो. कप्पा रिकामा करा. दोन्ही बाजूंच्या भिंती बोटांनी आत दाबल्या की कप्पा खाली झुकतो. काही गाड्यांत एक-दोन स्क्रू काढावे लागतात. मागे एक आडवे अरुंद झाकण दिसते. त्याची खिट्टी दाबून झाकण काढा आणि फिल्टर हळू बाहेर ओढा. खाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा, नाहीतर सगळा कचरा सीटवर येईल. आसपास पिवळ्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

नवा फिल्टर पांढरा, घडीघडीचा, पंख्याच्या कागदी झालरीसारखा असतो. तुमचा कसा निघतो ते पाहा. काळा-करडा, घड्यांत केस, पिसे, सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या, कधी मेलेली झुरळे. हे वाचून शिसारी आली असेल, पण दम्याच्या माणसाच्या नाकात जाणारी हवा यातूनच जाते, तेव्हा एकदा पाहून घ्याच.

आता खरी कसोटी. फिल्टर बाहेर ठेवून झाकण तात्पुरते लावा आणि पंखा पुन्हा चारवर करा. पट्ट्या फडफडू लागल्या? रोग सापडला. फिल्टरने वाट अडवली होती. पट्ट्या तशाच मरगळलेल्या? मग अडथळा पुढे आहे, त्याकडे नंतर वळू. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिल्टर झटकून पुन्हा घालावा का? सुकी धूळ असेल तर हलके आपटून, उलट्या बाजूने हवा मारून आठ-पंधरा दिवस निभते. पाण्याने धुऊ नये, कागदी फिल्टर धुतला की त्याची जाळी बसते आणि ओलसर राहून बुरशी धरते. साध्या लहान गाडीचा नवा फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. वर्षाला एकदा, किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलावा अशी सर्वसाधारण शिफारस असते. कामोठे-कळंबोलीच्या धुळीत मी म्हणेन, दिवाळीत एक आणि पावसाळ्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. घालताना त्यावरचा बाण पाहा. बाण हवेच्या दिशेने ठेवायचा असतो. दिशा कोणती हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. पुस्तक हरवले असेल तर जुना काढतानाच बाण कुठे होता ते खडूने लिहून ठेवावे.

आणि फिल्टर नसेलच तर? होय, तसेही असते. पुष्कळ जुन्या आणि स्वस्त गाड्यांत कारखान्यातून फिल्टर येतच नव्हता. जागा असते, फिल्टर नसतो. काही ठिकाणी झाकण प्लास्टिकने बंद केलेले असते, ते कापून फिल्टर बसवता येतो. काही हुशार लोक फिल्टर काढल्यावर वारा वाढला म्हणून तो कायमचा काढून टाकतात. तसे मुळीच करू नका. फिल्टरने जी धूळ अडवली असती ती मग ओल्या कॉइलवर जाऊन बसते. ठिबकचा फिल्टर काढून टाकला तर पहिले आठ दिवस पाणी झकास येते, नंतर एकेक ड्रीपर बुजतो, हे मी तुम्हांला काय सांगावे?

फिल्टर पाहताना आणखी दोन ठिकाणी नजर टाका. बॉनेट उघडा. काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी एक जाळी असते. बाहेरची हवा तिथूनच आत शिरते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाल्याचा थर साचतो. हाताने काढा, पाण्याने रेटू नका, नाहीतर पाला आत जाईल. इथेही एक सोपी परीक्षा आहे. डॅशबोर्डवर गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेले एक बटण किंवा दांडी असते. ती एका बाजूला केली की आतलीच हवा पुन्हा फिरते, दुसऱ्या बाजूला केली की बाहेरची येते. बाहेरची हवा लावल्यावर वारा मंद आणि आतली लावल्यावर जोरात, असे असेल तर बाहेरची जाळी बुजली आहे. दोन्हीकडे सारखाच मंद असेल तर अडथळा त्यापुढे, म्हणजे फिल्टर, पंखा किंवा कॉइल यांत.

दुसरे ठिकाण म्हणजे फिल्टरच्या मागचा पंखा. फिल्टर काढल्यावर टॉर्च लावला की पुष्कळदा दिसतो. खारीच्या पिंजऱ्यासारखा गोल, बारीक पात्यांचा. पात्यांच्या पोटात धूळ चिकटली की फेक कमी होते. टरटर आवाज येत असेल तर पान किंवा काडी अडकलेली असते. गावी कणगीजवळ किंवा गोठ्यात गाडी चार दिवस उभी राहिली तर उंदीर आत शिरून चिंध्या, कापूस, शेंगांची टरफले यांचे घर करतो. ऊबदार, कोरडे, मांजरापासून सुरक्षित, त्याला आणखी काय हवे? पंखा चालू असताना आत बोट घालू नये, हे सांगायला नकोच. घाण उपसताना तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला, उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी फिनेलच्या पाण्याने ओल्या करा. वायर कुरतडली असेल तर ती जोडून घेतल्याशिवाय पंखा लावू नका.

फिल्टर नवा, जाळी साफ, पंखा स्वच्छ, आवाज दणदणीत, तरी वारा नाही. मग कूलिंग कॉइल. ही बारीक पत्र्यांची जाळी, इतक्या दाट की मध्ये पोस्टकार्ड शिरणार नाही. तिच्यावर हवेतले पाणी जमते, म्हणून तर एसी लावल्यावर गाडीखाली पाणी टपकते. ओल्या पत्र्यांवर धूळ बसली की चिखलाचा लेप होतो. लक्षणे : एसी लावताच कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास, गारवाही कमी, वाराही कमी. डाव्या पायाखालची चटई ओली होत असेल तर पाणी जाणारी नळी तुंबली आहे, तीही साफ करून घ्यावी. फेसाचे औषध आत फवारून कॉइल धुता येते. लेप फार जुना असेल तर मात्र डॅशबोर्ड उघडावा लागतो. ते घरचे काम नव्हे, कसबी माणसाचेच. त्याला आधी विचारा, ‘‘कॉइल बाहेर काढणार की जागेवर धुणार? काढली तर गॅस यंत्रात ओढून घेणार की हवेत सोडणार?’’ एवढे विचारले की त्यालाही कळते, समोरचे गिऱ्हाईक आंधळे नाही.

आता सर्वांत फसवा प्रकार सांगतो, कारण यातच भले भले गोंधळतात. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागलात. एसी झकास. खोपोली मागे पडता पडता वारा कमी होऊ लागतो, घाटात तर जवळजवळ बंद. पंख्याचा आवाज मात्र तसाच. लोणावळ्याला चहाला थांबलात, अर्ध्या तासाने निघालात, आणि वारा पुन्हा पहिल्यासारखा! गाडीला दृष्ट लागली की काय? तसे नव्हे. कॉइलवर बर्फ धरला. फ्रीजच्या डब्यात जसा धरतो तसाच. दाट पत्र्यांमधल्या फटी बर्फाने बुजल्या, वारा अडला. थांबल्यावर बर्फ वितळला, वाट मोकळी झाली. गाडीखाली नेहमीपेक्षा मोठे थारोळे दिसले की समजावे.

कॉइल शून्य अंशाजवळ जाऊ लागली की कॉम्प्रेसरला थांबवण्यासाठी तिथे एक सेन्सर असतो. तो बिघडला किंवा जागेवरून सरकला तर कॉम्प्रेसर थांबत नाही आणि बर्फ धरतो. फिल्टर बुजून कॉइलवरून हवाच कमी जात असेल तरी धरतो. गॅस कमी असला तरी क्वचित कॉइलच्या एका भागावर बर्फ धरतो, म्हणजे गॅसचा वाऱ्याशी संबंध येतो तो एवढाच, आणि तोही फेऱ्याने. गॅरेजात पाच मिनिटे तपासून हा दोष सापडत नाही, कारण बर्फ धरायला वेळ लागतो. कारागिराला नेमके सांगा : सुरुवातीला ठीक, पाऊण तासाने मंद, थांबल्यावर पुन्हा ठीक. वाटेत असे झाले तर एसीचे बटण बंद करा, पंखा चारवर राहू द्या. दहा-पंधरा मिनिटांत वाट मोकळी होते.

आणखी एक दोष आहे, पण लवकर उरकतो. समोर वारा नाही, पण पायाकडे किंवा काचेवर भरपूर आहे, तर दिशा वळवणारी आतली झडप अडकली. बारे वळवल्यासारखेच, पाणी आहे पण दुसऱ्या वाफ्यात जाते. कधी त्या झडपेची केबल सुटलेली असते, कधी तिची छोटी मोटार जाते.

काही वाचक म्हणतील, एसी हा श्रीमंती चोचला, त्याच्या वाऱ्याची एवढी चर्चा कशाला? विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली हे यंत्र आखले ते माणसांच्या सुखासाठी नव्हतेच. न्यूयॉर्कमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद आकसे-फुगे आणि रंग जुळत नसत, म्हणून हवेतला ओलावा काढायला ते आखले. गाडीतही त्याचे मोठे काम हेच आहे. पावसाळ्यात बोरघाटात पाच माणसे गाडीत बसली की श्वासाने काच आतून पांढरी होते आणि पुढचा ट्रक दिसत नाही. अशा वेळी एसी लावून वारा काचेवर सोडला, बाहेरची हवा घेतली, की मिनिटा-दोन मिनिटांत काच निवळते. पण वाराच नसेल तर? एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडके, हे मी घाटात पाहिले आहे आणि ते पाहून अंगावर काटा येतो. वारा मंद झालेल्या गाडीने पावसात घाट चढू नये. (उलटही होते बरे का. आत खूप गार आणि बाहेर दमट असले तर धुके काचेच्या बाहेरून धरते. ते वायपरने जाते, मग काचेवरचा गार वारा कमी करावा. बोट फिरवून पाहा, आतून पुसले जाते की बाहेरून.)

तेव्हा वहिनी, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत तुम्ही आणि भाऊजी मिळून पट्ट्यांची परीक्षा करा. हे काम मिक्सरचे भांडे उघडून साफ करण्याहून अवघड नाही आणि ते पुरुषानेच करावे असेही काही नाही. तुमच्या वर्णनावरून, आवाज मोठा आणि वारा कमी, माझा पहिला संशय फिल्टरवर, दुसरा कॉइलवर. मामंजींना आणायच्या आधी नवा फिल्टर घाला. कॉइल फेसाने धुऊन घेतली तर त्या दिवशी त्यांना गाडीत बसवू नका, औषधाचा वास दम्याला बाधतो. काचा उघड्या ठेवून पंखा अर्धा तास चालवा, दुसऱ्या दिवशी न्या. त्यांच्यासाठी झरोका थेट तोंडावर न ठेवता छताकडे वळवा. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवायची सवय लावा, म्हणजे कॉइल सुकते आणि कुबट वास धरत नाही. उन्हात उभी गाडी आधी चारही दारे उघडून दोन मिनिटे मोकळी करा, मग एसी लावा. आणि लेकरांना एसी लावून बंद गाडीत ठेवून खरेदीला जाऊ नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

गॅरेजवाल्याने आता काढलेले भाग परत मागून घ्या आणि बिलावर काय काम केले ते लिहून घ्या. जुना फिल्टर पाहून काय निघाले ते पोस्टकार्डावर कळवलेत, तर पुढच्या अंकात इतर वाचकांना सांगता येईल. उंदरांपासून गाडीच्या वायरी कशा राखाव्यात, असे जुन्नर आणि गगनबावड्याहून दोघांनी विचारले आहे, त्यांची उत्तरे त्याच अंकात देतो.